लेंडीबनात आधी शेळी जाते

आज आभाळ निरभ्र आहे, वाराही पडलाय. चैत्राचं ऊन अजून कोवळं आहे, पण तासाभरात चटके द्यायला लागेल. तुम्ही लवकर आलात ते बरं केलंत. आत शिरलं की गारवा आहे. चारशे एकरांचं बन आहे हे, सगळं माणसांनी लावलेलं. बाभूळ जास्त, मधेमधे कडुनिंब, हिवर. मोर दिसतील, सुगरणीचे खोपे दिसतील. डबे आणले असतील तर पलीकडं तळ्याकाठी बसून खा. फक्त जरा दम धरा. फाटक मीच उघडणार आहे, पण आधी शेळी आत जाईल, मग आपण.

हसा खुशाल, सगळेच हसतात. मागं एक साहेब आले होते. म्हणाले, "बाबा, आम्ही तिकीट काढलंय. शेळीनं काढलंय का?" मी म्हटलं, "तिनं तुमच्या आधी काढलंय साहेब. लई आधी." मग ते या दगडावर बसले आणि सगळं ऐकूनच आत गेले. तुम्हीही बसा. मी शाळेत गेलेलो नाही, वडीलधाऱ्यांनी जसं सांगितलं तसं सांगतो.

फार मागं इथं एकही झाड नव्हतं म्हणे. नुसता बोडका माळ. वळवाचा पाऊस आला की वरची माती सुटायची आणि खालच्या तळ्यात जाऊन बसायची. गावाचं पाणी त्या एका तळ्यावर. दरसाल तळं थोडं थोडं बुजत चाललं. जुनी माणसं म्हणायला लागली, अजून दहा पावसाळ्यांनी इथं गाव राहणार नाही. मग पाटलांनी चावडीवर गाव जमवलं आणि ठरलं, माळावर बाभळी लावायच्या. बाभूळ काटक झाड, कमी पाण्यावर जगतं, माती धरून ठेवतं.

गावकऱ्यांनी ओढ्याकाठच्या बाभळींच्या शेंगा गोळा केल्या, बी काढलं, माळभर पेरलं. उगवलं काहीच नाही. सगळ्यांनी मिळून दोष दिला तो ठकुआजीच्या शेरडांना.

ठकुआजी म्हणजे धनगराची म्हातारी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एक पुतण्या तेवढा हाताशी. साठ शेरडं, माळाच्या पायथ्याला काट्यांचा वाडा, हाच तिचा संसार. गावानं सांगितलं, शेरडं माळावर आणायची नाहीत. राखण करायला कोंडजी नावाचा गडी ठेवला. तो गोफण घेऊन उभा राहायचा. एखादं करडू चुकून वर आलं तरी दगड घालायचा. हा कोंडजी म्हणजे आमच्याच घरातला, माझ्या खापरपणजोबाचा बाप. लपवून काय करू?

दुसऱ्या पावसाळ्यात परत पेरलं. तिसऱ्यातही पेरलं. माळ होता तसाच. गाव म्हणालं, म्हातारी चोरून चारते. ती नाही म्हणत होती, पण ऐकतंय कोण. शेवटी पाटलांनी निरोप धाडला, दिवाळीच्या आत शेरडं घेऊन गाव सोडायचं.

आता इथं कुणी म्हणतं, बिरोबा तिच्या स्वप्नात आला. कुणी म्हणतं, तिची कबरी शेळी माणसासारखी बोलली. आमच्या घरात मात्र साधंच सांगतात. ती रोज वाडा झाडायची आणि लेंड्यांचा ढीग वाड्यामागं टाकायची. निघायची वेळ आली तसं ती मागं जाऊन त्या ढिगापाशी उभी राहिली. बघते तर ढिगावर बाभळीची रोपं. माळावर तीन वर्षं पेरून एक नाही, आणि इथं न पेरता शेकड्यानं. तिनं ओळखलं. शेरडं शेंगा खातात, पण बी चावून मोडत नाहीत. काही बी रवंथ करताना टाकतात, काही लेंडीतून पडतं. वरचं टणक साल पोटात भिजून मऊ झालेलं असतं. तेच बी उगवतं. गावानं पेरलेलं बी मातीत नुसतं पडून राहिलं होतं.

ती चावडीवर गेली. म्हणाली, "मला एक पावसाळा द्या. माळ हिरवा झाला नाही तर मी आपल्या पायानं जाते."

पाटील म्हणाले, "आणि झाला तर? तुझीच शेरडं तो खाऊन टाकतील."

तेव्हा तिनं शपथ घेतली, की रोपं माणसाच्या कंबरेला लागेपर्यंत माझं एकही शेरडू माळावर पाय ठेवणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं शेरडांना शेंगाच शेंगा चारल्या. मृगाच्या आधी वाड्यातल्या लेंड्या पोत्यांत भरल्या आणि पुतण्याला घेऊन माळभर पसरल्या. गावातली माणसं नाकाला फडकं लावून बघत होती. महिन्याभरात माळावर बोट बोट रोपं उभी राहिली. कोंडजी सांगायचा म्हणे, की पाय कुठं ठेवावा हे कळेना.

म्हातारीचं गाव राहिलं, पण माळावरची चराई काही परत मिळाली नाही. रोज दोन कोस लांब नदीपलीकडं शेरडं न्यायची आणि दिवस मावळता परत यायचं. असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. नदीपलीकडंही हिरवं राहिलं नाही. सगळ्या शिवारात शेरडाच्या तोंडाला येईल असं हिरवं उरलं ते एका माळावर. शेरडं वाड्यात मरायला लागली. साठाची तीस झाली, तिसाची पंधरा.

एके सकाळी ती उरलेली शेरडं घेऊन माळाभोवती खणलेल्या चरापाशी आली. शेरडं माना ताणून ओरडत होती. गाव जमलं. पाटील स्वतः म्हणाले, "ठकुबाई, सोड आत. आमची हरकत नाही."

तिनं चर ओलांडला, एकटीनं. एका रोपाशेजारी जाऊन उभी राहिली. रोप तिच्या मांडीपर्यंत आलं होतं. परत आली आणि म्हणाली, "अजून कंबरेला लागलं न्हाई." शेरडं वळवली आणि वाड्याकडं चालायला लागली.

कोंडजीनं त्या दिवशी गोफण तिथंच चरात टाकली म्हणे. ओढ्याकाठच्या जुन्या बाभळींवर चढला, पाला नि शेंगा तोडल्या, भारा डोक्यावर घेऊन तिच्या वाड्यात नेऊन टाकला. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी गावातली बाकीची घरंही भारे आणायला लागली. कुणी चिंचेचा पाला, कुणी छपरातलं जुनं गवत. पावसापर्यंत अकरा शेरडं जगली. त्यात कबरी होती.

त्याच्या पुढच्या दिवाळीला रोपं कंबरेला लागली. गाव वाजतगाजत माळावर निघालं. पहिलं पाऊल कुणाचं, यावर मानकऱ्यांत कुजबुज चालली होती. कोंडजीनं वाटेवर आडवं लावलेलं काट्यांचं शिंपाटं बाजूला ओढलं आणि कबरीला आत सोडलं. ती दहा पावलं गेली, एक फांदी ओरबाडली आणि सावकाश खात उभी राहिली. कुणीच तिला हाकललं नाही. मग ठकुआजी आत गेली आणि तिच्यामागं गाव. मानकऱ्यांची कुजबुज थांबली ती थांबली.

आजही या बनात सकाळी पहिली शेळी जाते. शिंगं हळदीनं माखलेली, दहा पावलं आत, चार शेंगा खाते आणि माघारी येते. फाटक उघडायचं काम आमच्या घराकडं आहे आणि शेळी आणायचं ठकुआजीच्या पुतण्याच्या घराकडं. त्या घरातली पारूबाई माझी शेजारीण आहे. भिंतीला भिंत लागून. तळं भरलेलं आहे, गाव जागेवर आहे, आणि तुमच्यासारखी लांबलांबची माणसं सावलीला येतात. मला रोज वाटतं, हे आपल्याला फुकट मिळालंय.

पण एक गोष्ट माझ्या मनात राहिली होती. गेल्या शिमग्यानंतर एका सकाळी, असेच पाहुणे थांबले होते, तेव्हा मी पारूबाईला म्हटलं, "पारूबाई, आमच्या कोंडजीनं तुमची शेरडं दगडं घालून हाकलली. त्यानं पुढं भारे वाहिले, पण चुकलं असं आमच्या घरात कुणी तोंडानं म्हटलं नाही. मी म्हणतो, चुकलं."

तिनं शेळीची मान खाजवली. मग म्हणाली, "तात्या, हाकलली नसती तर म्हातारीनं शपथ घेतली नसती, अन् आमच्या शेरडांनी उगवलेलं समदं खाल्लं असतं. तुमच्याबिगर बी बन झालं नसतं अन् आमच्याबिगर बी. आता दार उघडा. शेळी उपाशी हाय, अन् पावणं खोळंबल्यात."