न धुतलेला चाटू

डोंगरातल्या झाडांवर सरकारी आकडे अजून पडायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. वाघेरपाड्यात तेव्हा बुधी नावाची बाई होती. तिच्या हातची नागलीची काळी प्यायला माणसं दोन डोंगर ओलांडून येत, असं म्हणतात.

काळी ही दारू घरीच करायची. नागली भिजवून मोड आणायचे आणि ती उन्हात सुकवायची. अर्धी तशीच ठेवायची, अर्धी खापरावर काळपट होईतो भाजायची. मग सगळी एकत्र भरडून तिची मंद आचेवर पेज करायची. ती निवली की शिवणीच्या लाकडाचा चाटू घालून ढवळायची. हा चाटू कधी धुवायचा नाही. मागच्या काळीचा जीव त्याच्या भेगांत वाळून बसलेला असतो, तो नव्या पेजेत जागा होतो. चाटू बुडण्याआधी ती नुसती गोड पेज. बुडाला की फेस धरते, काळी होते.

पाड्यात कुणी मेलं की घराघरातून मूठभर मोडाची नागली यायची. सगळ्यांची मिळून एक काळी व्हायची आणि तिची पहिली वाटी पुनवेच्या आत उंबऱ्यावर ओतायची. तोवर गेलेलं माणूस तहानेलं उंबऱ्याशी बसून राहतं. पुनव उलटली, तर ते तिथंच राहतं, असं म्हणतात.

त्या वर्षी बुधीचा नवरा, काकड, मध काढताना कड्यावरून पडला आणि गेला. घराघरातून नागली आली. बुधीने मडकी लावली. आणि त्याच आठवड्यात दारोगा आला.

नवा कायदा झाला होता. प्यायचं ते मक्तेदाराच्या दुकानातलं, घरी काही करायचं नाही. दारोग्याने बुधीची तिन्ही मडकी काठीने फोडली. भिंतीवरचा चाटू काढून त्यानेच चुलीतली राख उकरली, राखेत काही सापडलं नाही, तेव्हा चाटू कोपऱ्यात भिरकावला.

"सायब, माझा माणूस दारात बसलाय," बुधी म्हणाली.

दारोग्याने दाराकडे पाहिलं. "कुठे? मला तर कुणी दिसत नाही."

"तुमचा कोण लागतो तो, दिसायला?"

"पुन्हा मडकं चढलं तर घर जप्त करीन," एवढं बोलून तो गेला. जाता जाता कुंभारालाही दम देऊन गेला. त्यानंतर पाड्यात कुणाला मडकं मिळेना.

पुनवेला आठ दिवस उरले होते. बुधीला रोज काकड उंबऱ्याशी दिसायचा, गुडघ्यांभोवती हात घालून बसलेला. राहू दे की, असं तिच्या मनात एकदा आलं. मग तिने त्याचे सुकलेले ओठ पाहिले, उठली आणि पुन्हा घराघरातून मूठमूठ नागली मागून आणली.

पाड्याखाली नदीच्या कातळात एक खळगा आहे. पाण्याने कोरलेला, रांजणाएवढा. पुनवेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत बुधीने तो घासून पुसून घेतला. त्यात पाणी आणि भरड घातली, जाळात तापवलेले दगड सोडून पेज शिजवली. मग चाटू कमरेला खोचून पेज निवायची वाट पाहत बसली.

दारोगा शिपाई घेऊन आला. बुधी जागची हलली नाही.

"फोडा, सायब," ती म्हणाली. "डोंगर फोडा."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दारोग्याने वाकून वास घेतला, बोट बुडवून चाखलं. गोड होती.

"ही दारू नाही."

"पेज हाय. पेजेला कायदा लागला काय?"

"मला फसवतेस? तळाशी मडकं लपवलं असशील!"

त्याने तिच्या कमरेचा चाटू ओढला आणि पेजेत घातला. बुधीने अडवलं नाही. उलट म्हणाली, "नीट बघा. पार तळापर्यंत ढवळा."

त्याने ढवळलं. घाम येईतो ढवळलं.

आणि खळग्यात बुडबुडा उठला. मग दुसरा. मग तपकिरी फेस कातळावर चढला आणि दारोग्याच्या बुटांवरून वाहू लागला.

"बघा हो सगळ्यांनी," बुधी म्हणाली. "पेज माझी. काळी केली ती सायबांनी. आता बेडी कुणाला?"

शिपाई दुसरीकडे तोंड करून हसू दाबत होते. दारोग्याने बादल्या मागवल्या आणि खळगा उपसायला लावला. शिपायांनी तीन दिवस उपसला, पण काळी बोटभरही उतरली नाही, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी शिपाईच प्यायला बसले. दारोगा मात्र पहिल्याच दिवशी ओले बूट हातात घेऊन अनवाणी गेला, तो पुन्हा वाघेरपाड्याला आला नाही.

त्याच दिवशी, दारोगा नजरेआड झाल्यावर, बुधीने वाटी भरली आणि घरी आली. काकड बसला होता. ती त्याच्याशेजारी थोडा वेळ बसली. मग वाटी उंबऱ्यावर ओतली आणि म्हणाली, "पी. आणि जा."

आजही वाघेरपाड्यात कुणी गेलं की मूठमूठ नागली गोळा होते आणि नदीतला तो खळगा घासला जातो. बुधीचा चाटू झिजून बोटाएवढा झाला आहे, तो नव्या चाटूला बांधतात. ढवळायला मात्र घरचं माणूस चालत नाही. त्या दिवशी पाड्यात जो कुणी सरकारी माणूस सापडेल, मास्तर, तलाठी, लस टोचायला आलेली नर्स, त्याला हाताला धरून कातळावर नेतात आणि चाटू हातात देतात.

"या दारोगा," बाया म्हणतात. "नीट ढवळा."

मग सगळे हसतात. ज्या घरातलं माणूस गेलेलं असतं, त्या घरालाही हसावं लागतं. त्यानंतरच वाटी भरतात.