वजन की कुस्ती?

दौलू वस्तादांना समजावून समजावून शर्वरी मगदूम पार वैतागली होती. जिल्ह्याच्या कुस्तीत तिचे सगळे डाव बरोबर होते, पण समोरची पोर काही तिच्याने उचलली गेली नाही आणि ती हरली. महिन्यावर पुन्हा निवड चाचणी होती. म्हणून तिने तालमीत वजनाचा लोखंडी बार आणला, तर वस्तादांनी तो बाहेर काढायला लावला.

"लोखंडानं अंग ताठतं, पोरी. कुस्तीला वजन उचलून काडीचा उपयोग नाही."

"पण वस्ताद, समोरच्या पैलवानाला वजन नसतं का?"

"उलट बोलू नकोस! माझ्या तालमीत कुणी वजन उचललं, तर ते त्याच क्षणी, आहे तिथं टाकायचं. नाहीतर तालीम सोडायची!"

शर्वरी म्हणाली, "हुकूम मान्य," आणि पाया पडायला वाकली. वस्तादांनी आशीर्वादाला हात वर केला, आणि पुढच्याच क्षणी ते धोतर-फेट्यासकट तिच्या खांद्यावर आडवे झाले.

"वस्ताद, ही कुस्ती म्हणायची की वजन? वजन असेल, तर तुमच्या हुकमाप्रमाणे आत्ताच टाकते."

"कुस्ती! कुस्तीच आहे ही! हळू उतरव, पोरी!"

तिने त्यांना अलगद उतरवलं. "मग या कुस्तीचा सराव रोज लागणार. उद्यापासून तुम्ही खांद्यावर येता, की बार आत आणू?"

घसरलेला फेटा सावरत वस्ताद पुटपुटले, "बारच आण."