पहिला मासा पाण्याचा

एका राज्यात एक तळं होतं आणि त्या तळ्याच्या काठी एक माणूस तीन वर्षं दगड होऊन उभा होता. त्याचं नाव म्हादबा भोई. मोसमातला पहिला मासा पाण्याला परत द्यायचा, ही तिथल्या भोयांची रीत. पण चंडकेतू राजाने तोच मासा आपल्या ताटात मागितला, म्हादबाने घाबरून दिला आणि तळ्याखाली राहणाऱ्या मांत्रिकाने शाप उच्चारला. तळ्यातले मासे तळाशी गेले. देणारा जागच्या जागी दगड झाला, मागणाऱ्याच्या केसालाही धक्का लागला नाही. शापसुद्धा माणूस बघून लागतात की काय, कोण जाणे.

म्हादबाची बायको हौसा रोज त्या दगडाला अंघोळ घालायची. एके सकाळी दगडाच्या खांद्यावर खंड्या पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला.

"हौसा, पहिला मासा मागणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात सोड. शाप उतरेल."

हौसाने पदर खोचला आणि थेट दरबार गाठला. उद्या मासे धरायला निघते, महाराजांनी काठावर यावं, असं तिने बजावून सांगितलं. भर दरबारात नाही म्हणायची राजाला लाज वाटली, म्हणून त्याने तीन अटी घातल्या. नाव लाकडाची नको. दोरी सुताची नको. आमिष जिवाचं नको आणि धान्याचंही नको. एक जरी अट मोडली, तरी मुंडकं उडेल.

"मान्य," हौसा म्हणाली.

दिवसभर ती तयारीला लागली. गुऱ्हाळातून तिने गुळाची लोखंडी काहील मागून आणली. काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसं तिने लहानपणापासून पाहिली होती. दोरीसाठी ती राजाच्याच पागेत गेली आणि घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराला गोड बोलून पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे केस घेऊन आली. आमिषाचं मात्र सुचेना. तेव्हा खंड्या म्हणाला, "काठावरच्या उंबराखाली पूर्वी मासे का जमायचे?" हौसाने उंबरं वेचली, फोडली आणि आतले किडे झटकून टाकले. राजाला बोट ठेवायला जागा ठेवायची नाही, असा तिचा हट्टच होता.

सकाळी राजा धनुर्धरांसह घोड्यावरून काठावर आला आणि काहील तळ्याच्या मध्यावर गेली. गळ पाण्यात पडताच तळापासून एक मासा वर आला आणि गळाला लागला. त्याच्या कपाळावर लाल रत्न होतं. ते पाहून राजाच्या तोंडाला पाणी सुटलं.

"तो मासा इकडे आण."

"हा पाण्याचा आहे, महाराज."

धनुर्धरांनी बाण रोखले. हौसाने मासा काहिलीच्या काठाबाहेर धरला.

"मारा," ती म्हणाली. "मी मेले तरी मासा पाण्यातच पडेल."

राजाने हात वर करून बाण थांबवले. हौसाने गळ सोडवला आणि मासा सोडून दिला. काठावरचा दगड तडकला आणि म्हादबा खोकत खाली बसला. हौसा काहिलीत बसून मोठ्याने रडली. भोवती पाणी माशांनी उसळू लागलं.

राजाने खालच्या आवाजात दुसरा मासा मागितला.

"दुसरा माझ्या नवऱ्याचा," हौसा डोळे पुसत म्हणाली. "तीन वर्षांचा उपाशी आहे. तिसऱ्याचं बघू."

राजा घोड्यावरून उतरला आणि काठावर वाट बघत बसला.