वाढत्या पायाचे जोडे

सुगरण पक्षीण जंगलातल्या सगळ्यांना गवताचे जोडे विणून द्यायची, तेव्हाची ही गोष्ट. एक अस्वलीण आपल्या लेकीला पहिल्यांदाच कड्यावरच्या मधाला नेणार होती. ती सुगरणीला म्हणाली, "जरा वाढत्या मापाचे दे गं बाई. पोरीचा पाय काय, बघता बघता वाढतो."

जोडे आले. "आई, यात माझे पाय हरवतात," पिल्लू कुरकुरलं.

"पुढे पाला कोंब. पुढच्या वर्षी बरोब्बर बसतील," अस्वलीण म्हणाली. तिच्या आईनंही तिला असेच घेतले होते.

पिल्लू फटक फटक पाय ओढत चढलं. ऐन कड्यावर पाय जोड्यातल्या जोड्यात सरकला आणि ते घसरलं. अस्वलिणीनं झडप घालून त्याला मानेशी दातांनी धरलं. एक जोडा मात्र दरीत गेला. तो खाली पोचायला फार वेळ लागला. तोवर अस्वलिणीनं दात सैल केले नाहीत.

मध न घेताच दोघी सुगरणीकडे परतल्या. "आता किती वाढतं माप धरू?" सुगरणीनं विचारलं.

अस्वलिणीनं लेकीचा इवलासा पाय पुढे केला.

"आजचं धर," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी हिला घेऊन पुन्हा येईन."