माळ्यावरच्या खडावा

"बुवा, वनगीर महाराजांना कधी भीती वाटायची का हो?"

हा प्रश्न मी भर मठात, पारायणाला बसलेल्या सगळ्या मंडळींसमोर विचारला. माझ्या मैत्रिणींनी, मैथिली आणि दीपालीनं, पैजच लावली होती, "विचारून दाखव!" दाखवला विचारून! मागून कुणीतरी "अगं ए!" केलं. पण गोविंदबुवांनी पोथी मिटली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "महाराजांचं मला ठाऊक नाही, पोरी. पण ज्याच्या भीतीला महाराज धावून आले, त्याची गोष्ट सांगतो." ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. जशी ऐकली तशी भाविकांसाठी लिहिते.

निंबसावळी गावात, ओढ्याकाठच्या मठीत वनगीर महाराज राहत असत. बोलणं थोडं, पायांत सागवानी खडावा. त्यांचा खट्... खट् असा आवाज आला, की गाव हातातलं काम ठेवून उभं राही. त्या खडावा केल्या होत्या लिंबाजी सुतारानं.

हा लिंबाजी महाराजांचा निस्सीम भक्त, आणि गावातला सर्वांत भित्रा माणूस! कुत्र्याला भ्यायचा, विहिरीत डोकवायला भ्यायचा. कामातही तसाच. कुणाच्या घरी दार-खिडकी करायला गेला, की आधी लाकडाला नमस्कार करायचा, बोटाच्या पेरानं तीनदा ठोकायचा आणि कान लावून ऐकत राहायचा. "लाकडाला इचारल्याबिगर हत्यार लावायचं न्हाई," असं त्याला बापानं शिकवलेलं. लोक हसायचे. "काय लिंबाजी, काय म्हणतंय लाकूड? जेवलं का?"

त्याच गावात अंबादासराव इनामदार हे बडं प्रस्थ. त्यांना नवसानं नातू झाला, बारसं ठरलं. चांदीच्या घुंगरांचा शिसवी पाळणा माजघराच्या मधल्या, माळा पेलणाऱ्या तुळईला टांगायचा होता. कड्या ठोकायला लिंबाजीला बोलावणं गेलं.

लिंबाजी शिडीवर चढला. एकदा ठोकलं. दुसऱ्यांदा ठोकलं. तिसऱ्यांदा हातच उचलेना! भरीव लाकूड टणकन् बोलतं. ही तुळई रिकाम्या डब्यासारखी बोलली. त्यानं कान लावला, तर आत बारीक कुरकुर चाललेली, जणू हजार तोंडं मिळून काहीतरी खात होती. वाळवी! आणि वर माळ्यावर तीस पोती ज्वारी रचलेली.

तो घाईघाईनं खाली उतरला. "सरकार, ही आतनं पोकळ झालीया. पाळणा नका टांगू. माळा बी रिकामा करा."

इनामदार मोठ्यानं हसले. "माझ्या आज्यानं बसवलेली तुळई ही, आजवर तसूभर हलली नाही. शिडीवर भीती वाटली म्हण की, लिंब्या! कड्या ठोकायला तालुक्याहून माणूस आणतो. परवा जेवायला मात्र ये. पंगतीत तरी घाबरू नकोस, लाडू काही चावत नाही!"

लिंबाजी थेट मठीत गेला आणि महाराजांपुढे बसून रडला.

"महाराज, मला लई भ्या वाटतंय."

"कुणाचं?"

"तुळईचं. आन् सरकारांचं बी."

महाराज म्हणाले, "मग त्यातलं मोठं भय कोणतं ते बघ, आणि त्याच्या मागं जा." एवढं बोलून त्यांनी पायांतल्या खडावा काढून पुढे सरकवल्या. "डावीची खुंटी निखळली आहे. घेऊन जा. बारसं झालं की आण."

दोन दिवस महाराज अनवाणी राहणार? लिंबाजीला काही उमगेना. खडावा छातीशी धरून तो घरी गेला.

बारशाच्या दुपारी लिंबाजी इनामदारांच्या दारात आला, तो खांद्यावर एक जाडजूड टेकू घेऊन!

"बघा हो बघा," इनामदार पाहुण्यांना म्हणाले, "लिंबाजीनं बाळाला आहेर आणलाय. ओंडका!"

माजघर हसण्यानं भरून गेलं.  लिंबाजी उंबऱ्याशीच थिजून उभा राहिला.

आत बाळाला पाळण्यात घातलं. बायका पाळणा म्हणू लागल्या. पहिला झोका दिला. कर्र... घुंगरांच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसरा झोका. तुळईतून पिठासारखी भुकटी पाळण्यावर झरली, बाळाच्या टोपड्यावर पडली. लिंबाजीनं ती पाहिली. त्याचे ओठ हलले, आवाज नाही. त्यानं डोळे मिटले. मनातल्या मनात एवढंच, महाराज!

खट्.

वर, माळ्यावर.

खट्... खट्... खट्.

गाणं थांबलं. इनामदारांच्या वृद्ध आई, जानकाबाई, धडपडत उठल्या. "अगं बाई, महाराज आले! ह्या त्यांच्याच खडावा!" आवाज माजघरावरून पडवीकडे, पडवीवरून अंगणाकडे चालत गेला. "सूनबाई, बाळाला उचल! पायांवर घाल त्यांच्या!"

सुनेनं बाळाला उचललं आणि सगळं माजघर अंगणात धावलं. मागं राहिले एकटे इनामदार. "माळ्यावर कसले महाराज? घुशी असतील घुशी!" असं म्हणत ते रिकाम्या पाळण्याची साखळी धरून उभे होते.

तेवढ्यात तुळई मधोमध फाटली.

आणि आत कोण धावलं? कुत्र्याला भिणारा लिंबाजी! त्यानं टेकू तुळईखाली रोवला, टेकूला आपला खांदा लावला आणि ओरडला, "सरकार, पळा!" त्याचा एवढा मोठा आवाज गावानं पहिल्यांदाच ऐकला. इनामदार बाहेर पडले, त्यांच्या पाठोपाठ तो. टेकूनं दहा श्वास दम धरला. मग तीस पोत्यांसकट माळा खाली आला. शिसवी पाळण्याचा चुरा झाला.

अंगणात महाराज कुठेच नव्हते! सारे मठीकडे धावले. महाराज अनवाणी, तुळशीला पाणी घालत होते. सकाळपासून ते मठीतून हललेच नव्हते. खडावा दुरुस्तीला लिंबाजीकडे दिल्या आहेत असं कळलं, तसे इनामदार त्याच्या घरी गेले. खडावा कोनाड्यात जशाच्या तशा होत्या, डावीला अजून खुंटीच नव्हती. त्या घालून कुणी चालणार तरी कसं? इनामदारांनी त्या उलट्या केल्या. तळाला माळ्यावरची धूळ होती, आणि धुळीत रुतलेले ज्वारीचे दाणे!

त्या खडावा डोक्यावर घेऊन इनामदार मठीत आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. ते म्हणाले, "ज्याला भीती वाटली आणि तरी जो आत शिरला, त्याच्यापुढे वाक."

इनामदार वाकले. लिंबाजी इतका घाबरला की उडी मारून मागे सरला! "नगा सरकार, नगा!"

"सरकार म्हणू नकोस रे," इनामदार रडत म्हणाले. "माझं नवं माजघर तूच बांध, लिंबाजी. आधी लाकडाला विचार. ते बोलेपर्यंत मी थांबेन."

बुवांनी पोथी पुन्हा उघडली. मी मात्र घरी पोचल्याबरोबर, चप्पलही न काढता सांगून टाकलं:

"आई, बाबा, मला खुशाल भित्री म्हणा. पण स्वयंपाकघरावरची तुळई ठोकून बघितल्याशिवाय माळ्यावर पाण्याची टाकी चढणार नाही. ज्ञानोबा सुतारकाकांना मी सांगून आलेय, रविवारी सकाळी येतायत. आणि ते कान लावतील ना, तेव्हा कुणी हसायचं नाही!"