तान्हाबाईच्या आडातला पिंपळ

त्या वर्षी वैशाखात सहजगिरी महाराजांचा मुक्काम मांडवखडक गावच्या मारुतीच्या देवळात होता. याच गावात तान्हाबाई परटीण राहत असे. नवरा वारलेला, पदरी एकुलता एक मुलगा दगडू, आणि परसात एक आड. त्या आडावरच मायलेकांचं पोट चाले.

आडाच्या चिऱ्यांच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलं. दुसरीने वेळीच उपटलं असतं. पण तान्हाबाई भोळी. देव आपण होऊन दारी आला, असं समजून ती त्याला रोज पाणी घाली, हळदकुंकू वाही. पिंपळ तिच्या भक्तीवर चांगला पोसला. मुळांनी चिरे फुगले आणि एके दिवशी एक सुटून पाण्यात पडला. पाणी गढूळ झालं, धुतलेली धोतरं मातकट निघू लागली. आड ढासळणार हे तिला दिसत होतं. पण पिंपळ उपटला तर निर्वंश होतो, असं सगळे सांगत. दगडूकडे पाहून तिचा हात धजेना.

ती महाराजांच्या पायांशी येऊन रडली. महाराज तसेच उठले, कमरेला दोर बांधून आडात उतरले आणि नामस्मरण करीत बोटांनी चुना मोकळा करू लागले. काय सांगावी ती लीला! चिऱ्यांत रुतलेली मुळं लोण्यातून केस निघावा तशी अखंड निघून आली.

"पाप लागलंच तर ते माझ्या झोळीत," महाराज म्हणाले. "बाई, पिंपळ देव खरा, पण पाण्यासाठी त्याची मुळं दगड फोडतात. त्याला आडात ठेवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. त्याला लांब माळावर जागा दे. आडाजवळ तुळस पुरे."

विश्वासराव देशमुख तिथेच उभे होते. त्यांच्या विहिरीला खेटून थोरला पिंपळ होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. ते हसून म्हणाले, "बुवा, वैशाखात उपटलेलं झाड माळावर जगतं होय? जगलं तर या परटिणीच्या आडावर डोकं टेकीन."

महाराजांनी रोप तान्हाबाईच्या हाती दिलं, आणि तिने ते माळावर नेऊन लावलं.

माळावर रोपाची पानं गळाली, आणि त्याच दिवशी दगडू तापाने फणफणला. "भोवला ना पिंपळ," देशमुख म्हणाले.  तान्हाबाई देवळाकडे धावली.

"आड निवळला का?" महाराजांनी विचारलं.

"बगितलं न्हाई, म्हाराज."

"बघ. त्यातलं पाणी पोराला पाज, उरलेलं झाडाला घाल."

तिने पोहरा सोडला. पाणी कसं नितळ, तळ दिसावा असं! सकाळी दगडूने भाकरी मागितली. माळावरच्या काडीला तांबूस पालवी फुटली होती. बाईला आधी हसावं की रडावं ते कळेना.

महाराज चातुर्मासाला गावातच राहिले. श्रावणाच्या झडीत देशमुखांच्या विहिरीची पिंपळाकडची बाजू मुळांसकट आत कोसळली. घरात प्यायला पाणी उरलं नाही. देशमुख स्वतः घागर घेऊन तान्हाबाईच्या दारी आले. महाराज आडाशेजारीच बसले होते.

"घ्या की मालक, पानी द्येवाचं हाय," तान्हाबाई म्हणाली.

ते ऐकून देशमुखांचे डोळे भरले. ते महाराजांच्या पायांशी वाकू लागले, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे काय आहे, विश्वासराव? पाणी तिकडे आहे. तिथे वाका."

देशमुखांनी पागोटं उतरवलं आणि आडाच्या ओल्या काठावर डोकं टेकलं. ते उठेपर्यंत तान्हाबाईने त्यांची घागर भरून ठेवली होती.