घोडेसड्यावरची सनई

"अज्जा, निदान एवढं तरी सांगा... कसा वाटतो आवाज?"

अज्जांनी मान खिडकीकडं वळवली.

गाडी आजरा सोडून चढाला लागली होती. श्रावणातली दुपार. पाऊस नव्हता, पण सगळं रान ओलं होतं.

विरूपाक्षनं आवाज किंचित वाढवला. गाणारी बाई जणू समोर बॉनेटवर येऊन बसली. तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

अज्जा खिडकीतून बाहेर बघत राहिले.

चन्नय्या अज्जा म्हणजे गडहिंग्लजजवळच्या एका लहानशा मठाचे स्वामी. मठात शिकायला राहिलेली पोरं त्यांना अज्जा म्हणायची, म्हणून सगळा मुलूख त्यांना अज्जाच म्हणे. विरूपाक्षही मठात राहून दहावी झाला होता. आता बाजारपेठेत त्याचं दुकान होतं. गाडीबरोबर आलेला कंपनीचा स्टिरिओ काढायचा आणि नवा बसवायचा, हा त्याचा धंदा. निपाणीपासून, बेळगावपासून लोक गाड्या घेऊन यायचे. विरूनं हात लावलेली गाडी गाते, असं म्हणायचे.

हे म्हणणं त्याच्या कानावर आलेलं होतं. ते त्याला पटलेलंही होतं.

आणि ही गाडी त्याची स्वतःची. उद्या कोल्हापुरात गाड्यांच्या आवाजाची स्पर्धा होती. परीक्षक ड्रायव्हरच्या जागेवर बसून, डोळे मिटून ऐकणार होते. गेल्या खेपेला त्याचा पहिला नंबर थोडक्यात हुकला होता. त्यानंतरचं सगळं वर्ष त्यानं या गाडीत घातलं होतं.

घोडेसड्याच्या उघड्या पठारावरच्या वाडीत एक म्हातारा भक्त अंथरुणाला खिळला होता. अज्जांना त्याला भेटायचं होतं. विरूपाक्ष म्हणाला, मी सोडतो. सोडायचं तर होतंच. पण वाटेत अज्जांनी ऐकावं आणि एकदा शाबास म्हणावं, असंही मनात होतं. अज्जांनी त्याला आजवर कधी शाबास म्हटलं नव्हतं. गणितात नापास झाला, तेव्हा रागावलेही नव्हते.

"कंपनीचा स्टिरिओ म्हणजे पंगतीतलं वाढप, अज्जा. सगळ्यांना थोडं थोडं. पोट कुणाचंच भरत नाही."

"हं."

"मी तसं केलेलं नाही. प्रत्येक स्पीकरचा आवाज मागंपुढं करून बरोबर या खुर्चीत जुळवलाय. माझ्या खुर्चीत. इथं बसलं की गाणारी समोर दिसते."

"मागं बसला त्याला?"

"त्याला गाणं ऐकू येतं. बाई दिसत नाही."

अज्जा हसले. विरूपाक्षला धीर आला.

"आणि बाहेरच्याला?"

"बाहेर काही जातच नाही, अज्जा. चारी दारांच्या पोटात जाड अस्तर चिकटवलंय. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही."

"असं होय..." अज्जा म्हणाले.

विरूपाक्ष वाट बघत राहिला. गाणं संपलं, दुसरं लागलं.

मग धुकं आलं.

त्या भागातलं धुकं खालून वर चढतं. दरीतून उठलं, रस्त्यावर आलं, आणि बघता बघता समोरची झाडं गेली. विरूपाक्षनं दिवे लावले, वेग कमी केला. गाडी रांगत रांगत घोडेसड्यावर पोचली.

वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर माणसं उभी होती. कुणी इकडं, कुणी तिकडं. सगळी धुक्याकडं तोंड करून ओरडत होती.

"शेवंते...! ए शेवंते...!"

"बाई...! ओ बाई...!"

विरूपाक्षनं गाडी थांबवून काच खाली केली. खांद्यावर घोंगडं घेतलेला एक माणूस धावत आला. आत अज्जा दिसताच त्यानं हात जोडले. तो धोंडिबा झोरे. अज्जांच्या ओळखीचा.

"काय झालं धोंडिबा?"

"पोरं, अज्जा... शाळेतली पोरं. सड्यापलीकडं शाळा हाय. रेडेकरबाई रोज त्यास्नी वाडीपतुर आणून सोडत्यात. आज निम्म्यात आली आन् वर हे आलं." त्यानं धुक्याकडं हात केला. "माझी शेवंता हाय त्यात."

"बाईंचा फोन?"

"लागंना. हितं कुणाचाच लागत न्हाई."

"आत जाऊन बघितलं?"

"दोघं गेलं हुतं. त्येच वाट चुकलं, कसंबसं माघारी आलं. पल्याड कडा हाय, अज्जा. सरळ खाली दरी."

विरूपाक्षनं पटकन हॉर्न दाबला. धोंडिबानं खिडकीतून हात घालून त्याचा हात ओढला.

"हॉर्न नगो, मालक! खालनं घाटाचा रस्ता जातोय. वळणावळणाला ट्रक हॉर्न मारत्यात. पोरं हॉर्नमागं गेली तर कड्यावरनं जातील!"

विरूपाक्षनं दोन्ही हात मांडीवर घेतले.

अज्जा दार उघडून खाली उतरले. कान देऊन उभे राहिले. डावीकडून एकजण ओरडत होता, उजवीकडून दुसरा. मागून बायका हाका मारत होत्या. प्रत्येक हाक धुक्यात शिरायची आणि भलतीकडूनच परत यायची.

अज्जांनी दोन्ही हात वर केले.

"गप्प बसा सगळे."

माणसं थबकली. एक बाई हुंदके देत होती. तिनं तोंडात पदर कोंबला.

अज्जा गाडीकडं वळले.

"विरू, तुझा हा आवाज लांब जातो काय रे?"

"लांब जायला बसवलेलाच नाही, अज्जा. आत राहायला बसवलाय."

गाडीला वळसा घालून अज्जा विरूपाक्षच्या बाजूला आले. त्याचं दार उघडलं, आणि होतं तेवढं ताणून उघडं धरून उभे राहिले.

धुकं आत आलं. स्टिअरिंग ओलं झालं. काचेवर बारीक थेंब धरले.

विरूपाक्ष बघत राहिला... आणि मग त्याला कळलं.

त्यानं गाडी मागंपुढं करून वळवली. उघडं दार आतल्या बाजूनं मागं तोंड करतं, म्हणून गाडीची पाठ सड्याकडं केली. मग भराभर हात चालू लागले. डिकीतला मोठा स्पीकर त्यानं बंद केला. त्याच्यावर सगळ्यांत जास्त जीव होता त्याचा. पण खर्जाचा आवाज नुसता भरून राहतो, कुठून येतो ते कानाला कळत नाही. डाव्या दारातला बंद केला, मागचे दोन्ही बंद केले. सगळ्या ठिकाणचा आवाज एका जागी जुळवायला त्याला वर्ष लागलं होतं. तो मोडायला क्षणही लागला नाही. आता एकच दार बोलणार होतं.

काय लावावं? गाणी नकोत... तबला नको...

त्याच्याकडं एक सनई होती. स्पीकर पारखायला ठेवलेली. एकट्या सनईची, लांब लांब सुरांची रेकॉर्ड.

त्यानं ती लावली आणि आवाज वर नेला. नेहमी जिथं थांबायचा तिथं हात थांबला.

"आणखी," अज्जा म्हणाले.

"फाटेल, अज्जा. उद्या..."

अज्जांनी त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. नापास झाला होता तेव्हा बघितलं होतं, तसंच.

विरूपाक्षनं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

सनई धुक्यात घुसली.

कुणी हललं नाही. धोंडिबा घोंगडं आवळून उभा होता. सूर संपायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. संपला की मध्ये थोडी शांतता पडायची. त्या शांततेत सगळे कान देऊन ऐकायचे, आणि काहीच ऐकू यायचं नाही.

दाराच्या जाळीवर पाणी साचलं. स्पीकरचा पडदा आतून भिजत असणार, हे विरूपाक्षला दिसल्यासारखं कळत होतं. थोड्या वेळानं वरच्या सुराला बारीकशी घरघर लागली. दुसऱ्या कुणाला ती कळली नसती. त्याला ती छातीत कळली.

त्यानं खिशातला रुमाल काढला आणि दाराला हात लावून जाळी पुसली. पुन्हा पाणी आलं. पुन्हा पुसली. मग अंगातला शर्ट काढला, दाराच्या वरच्या कडेला अडकवला आणि त्याचं छप्पर करून दोन्ही हातांनी ताणून धरलं. उघड्या अंगानं तो थंडीत उभा राहिला. सनई त्याच्या कानाशी किंचाळत होती.

अज्जा त्याच्या शेजारी उभे होते. तेही भिजत होते.

किती वेळ गेला, कुणाला सांगता आलं नसतं. उजेड मात्र कमी होऊ लागला होता.

सूर संपला. शांतता पडली.

आणि त्या शांततेत कुणीतरी खोकलं.

लांब नाही. समोरच.

"शेवंते!" धोंडिबाच्या तोंडून निघालं. तो धावणार, एवढ्यात अज्जांनी त्याचा दंड धरला. "तू हलू नको. तिला येऊ दे. विरू, वाजव."

सनई पुन्हा सुरू झाली.

आधी धुक्यात एक काळसर ठिपका दिसला. मग रेडेकरबाई दिसल्या. चपला हातात, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. त्यांच्यामागं पोरं. प्रत्येकानं पुढच्याच्या दप्तराचा पट्टा धरलेला. कुणी रडत नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, गाडीच्या दाराकडं होती. आंधळी माणसं आवाजाकडं चेहरा करतात, तशी.

रस्त्यावर आली, तेव्हा कुठं एकेक रडायला लागली.

मग नुसता कालवा झाला. आयांनी पोरं उचलली. कुणी त्यांना मारत होतं, कुणी मुके घेत होतं. धोंडिबानं शेवंताला घोंगड्यात गुंडाळलं आणि तिच्यासकट मटकन खाली बसला.

रेडेकरबाई गाडीपाशी आल्या. उघड्या दाराला धरून उभ्या राहिल्या.

"हाका ऐकू येत होत्या," त्या म्हणाल्या. "पण चारी बाजूंनी. जिकडं वळावं तिकडून हाक. आम्ही कड्याच्या अगदी जवळ गेलो होतो. खालून वारा लागला तेव्हा कळलं. मग मी सगळ्यांना खाली बसवलं. म्हटलं, आता काही झालं तरी उठायचं नाही..."

त्यांनी मागं धुक्याकडं बघितलं.

"आणि मग?" विरूपाक्षनं विचारलं.

"मग हाका थांबल्या. आणि हे वाजायला लागलं. एकाच जागेवरून. आम्ही उठून चालायला लागलो. शेवंता म्हणाली, बाई, कुणाचं तरी लग्न आहे."

विरूपाक्ष हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शर्ट धरलेले हात त्यानं तसेच वर ठेवले होते. ते खाली घ्यायचे असतात, हेच तो विसरला होता.

अज्जांनी रेडेकरबाईंपुढं हात जोडले आणि वाकले. बाई गोंधळल्या. स्वामी आपल्यापुढं वाकले, तर काय करावं त्यांना कळेना. मग अज्जांनी खांद्यावरची शाल काढली आणि विरूपाक्षच्या उघड्या पाठीवर टाकली. पाठीवर हात तसाच ठेवला.

ते शाबास म्हणाले नाहीत. विरूपाक्षला ते आठवलंही नाही.

माणसं पोरं घेऊन वाडीकडं निघाली. धोंडिबानं सगळ्यांची नावं पुकारून बघितली. प्रत्येक नावाला ओ आली. एकही पोर कमी नव्हतं. बाईंनाही एका घरी चहाला नेलं. रस्ता रिकामा झाला.

सनई अजून वाजत होती. घरघर आता उघड उघड ऐकू येत होती. अंधारूही लागलं होतं. गाडीचे दिवे मंद झाले होते, बॅटरी उतरत चालली होती. आता बंद केला, तर स्पीकर रात्रीतून सुकवता आला असता. दुकानात जाऊन पडदा बदलता आला असता. उद्याची आशा अगदीच गेली नव्हती.

विरूपाक्ष शाल सावरत आत वाकला. बटणाकडं हात नेला.

अज्जांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"सगळी आली, अज्जा. धोंडिबानं नावं घेऊन बघितलं."

अज्जा धुक्याकडं बघत होते. तिकडं काही दिसत नव्हतं... काही ऐकूही येत नव्हतं.

"आपल्याला माहीत होती, तेवढी आली."